खोली केवढ्याला आणि मुक्काम केवढ्याला?

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला लागला होता आणि भाऊबीजेला आलेली मंडळी अजून पांगायची होती. अशा निवांत दुपारी आमच्या सासूबाई सुपारी कातरता कातरता एवढंच म्हणाल्या, “एकदा नार्व्याला जाऊन यायचं होतं. आणि जमलं तर पालयेला.”

नार्वे म्हणजे डिचोली तालुक्यातलं सप्तकोटेश्वराचं नार्वे. आमच्या घरात या देवाला फार मानतात. पालये हे पेडणे तालुक्यातलं सासूबाईंचं माहेर. वय वर्षं ८१, लग्न होऊन बेळगावात आल्याला साठ वर्षं झाली. माहेरचं घर आता बंद आहे, भाचे मुंबईत. शेवटच्या कधी गेल्या होत्या ते त्यांनाही आठवेना.

थोरले भावोजी पुण्याला असतात. मोठ्या नोकरीतून निवृत्त झाले असले तरी सल्लागार म्हणून अजून कामावर जातात. ते लगेच म्हणाले, “आपण सगळेच जाऊ. मांद्र्याला समुद्रावर चांगलं हॉटेल घेऊ. नाताळात मला सुट्टी आहे.” आम्ही एकंदर दहा माणसं : सासूबाई, भावोजी आणि जाऊबाई, आम्ही तिघं, आणि खानापूरला राहणारे धाकटे दीर, त्यांची बायको व दोन मुलं. खोल्या चौकशी करून ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. घरात हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून असली कामं आपोआप माझ्याकडे येतात.

त्या वहीची ही गोष्ट. आपल्याकडून गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक घराला कधी ना कधी पडणारा प्रश्न तिच्यात आहे, म्हणून सांगावीशी वाटली.

एकच खोली, तीन दर

चौकशीला बसले तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी, की हॉटेलच्या खोलीला ‘दर’ असा नसतोच. तारखेला दर असतो. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी तीन तारखांचे दर विचारले : नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार, नाताळानंतरचे दिवस आणि जुलै महिना. फोनवर जे सांगितलं ते असं उतरवून घेतलं.

मांद्र्याच्या किनाऱ्याजवळची दोघांची खोली नोव्हेंबरात ४,८०० रुपये, डिसेंबरअखेर ११,५०० आणि जुलैत १,९००. केरी-पालये भागातल्या एका घरगुती होमस्टेत तीच २,२००, ३,५०० आणि १,५००. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गात, रेडी-शिरोडा भागात १,८००, ३,००० आणि १,५००. डिचोली शहरातल्या एका साध्या लॉजवर नोव्हेंबरात १,६००. डिसेंबरात? “१,६००.” जुलैत? पलीकडचा माणूस जरा वैतागून म्हणाला, “बाई, १,६०० म्हणजे १,६००. कधीही या.”

मला आधी वाटलं, मांद्र्याचे लोक लुटतात आणि डिचोलीचे सज्जन आहेत. पण तसं नाही. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यातला धंदा मोसमी आहे. वाळूजवळच्या लाकडी खोप्या तात्पुरत्या परवान्यावर उभ्या राहतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवून ठेवाव्या लागतात. पक्क्या हॉटेलांचीही गर्दी ऑक्टोबर ते मार्चपर्यंतच. म्हणजे बारा महिन्यांचं पोट पाच-सहा महिन्यांत भरायचं. कामगार बाहेरून आणायचे, त्यांना राहायला जागा द्यायची. शिवाय मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ याच तालुक्यात. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटू लागली आणि दिल्ली-बंगळूरचा पाहुणा थेट पेडण्यात उतरू लागला. त्याच्या खिशाकडे बघून ठरलेला दर आपल्याला जड वाटणारच.

डिचोलीचं गणित निराळं. हे खाणपट्ट्यातलं बाजाराचं गाव. इथल्या लॉजवर उतरणारे ते यंत्रांचे फिटर, कंपन्यांचे विक्रेते, सरकारी कामाला आलेले लोक. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुढे सुरू होऊन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा बंद पडल्या. २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम परत सुरू झालं. असल्या गिऱ्हाइकाला नाताळ काय आणि आषाढ काय, सारखाच. म्हणून दरही सारखाच. समुद्र नाही, त्यामुळे हौशी प्रवासी इथे मुक्कामाला वळत नाही. आपण मात्र चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे जातो, तेव्हा डिचोली आपल्या वाटेवरच असते आणि आपण तिथे चहाला सुद्धा थांबत नाही.

तीन केरी आणि एक घोटाळा

चौकशीत एक फजिती झाली, तीही सांगते. ‘केरी’ म्हणून एका ठिकाणी फोन लावला. माणूस अगदी अगत्यानं बोलत होता. जागा शांत, झाडी भरपूर, दर बेताचा. मी विचारलं, “समुद्र किती लांब?” तो म्हणाला, “समुद्र? अहो, धरण जवळ आहे.” मग उलगडा झाला. हे चोर्ला घाटाच्या पायथ्याचं, सत्तरी तालुक्यातलं केरी! तेरेखोलच्या मुखाशी समुद्रकाठी आहे ते पेडणे तालुक्यातलं केरी. आणि फोंड्यात विजयादुर्गेचं देऊळ आहे ते तिसरं केरी. ऑनलाइन पैसे भरून मोकळी झाले असते, तर दहा माणसांचं बिऱ्हाड घेऊन भलत्याच तालुक्यात उतरले असते. तेव्हा गोव्यात खोली ठरवताना गावाबरोबर तालुका विचारलाच पाहिजे.

दुसरा अनुभव मोबाइलवरचा. एका किनाऱ्यावरची खोली २,९९९ रुपये दाखवत होती आणि खाली तांबड्या अक्षरांत ‘एकच खोली शिल्लक’. पुढे जाता जाता सोयीचं शुल्क, मग कर, मग लहान मुलाच्या गादीचे पैसे असं करत आकडा ४,१०० च्या पुढे गेला. आणि ती ‘एकच खोली’ तीन दिवसांनी पाहिलं तरी एकच शिल्लक होती! असा थेंबाथेंबानं दर वाढवत नेण्याला आणि खोटी घाई लावण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केलेली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण तक्रारीपेक्षा सोपा उपाय म्हणजे थेट मालकाला फोन करायचा आणि एकच वाक्य विचारायचं : “सगळं धरून, आम्ही निघताना तुमच्या हातात किती ठेवायचे?”

कराचंही जाणून घेतलेलं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. त्यावरच्या खोलीला १८ टक्के. यात एक मजेशीर पायरी आहे. ७,५०० च्या खोलीचे करासह होतात ७,८७५. पण ८,००० च्या खोलीचे होतात ९,४४०. म्हणजे दर वाढला ५०० आणि खिशातून गेले १,५६५! आणि छोट्या घरगुती मालकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे त्यानं कर लावायचा प्रश्नच येत नाही. एका ठिकाणी मला अजून १२ टक्क्यांचाच हिशेब सांगत होते. नवा दर सांगितल्यावर “बघतो” म्हणून फोन ठेवला, तो परत आला नाही.

वहीतली बेरीज

नुसत्या खोलीच्या दरावरून काही कळत नाही, हे एव्हाना ध्यानात आलं होतं. म्हणून दहा माणसं, चार खोल्या, दोन रात्री, चार जेवणं आणि दोन न्याहाऱ्या असा पूर्ण खर्च मांडला. बेळगावहून करायची टेम्पो ट्रॅव्हलर सगळीकडे सारखीच, म्हणून ती वेगळी ठेवली. दर नोव्हेंबरचे धरले.

मांद्रे : खोल्यांचे ३८,४००, त्यावर कर १,९२०. न्याहारी त्यातच, पण जेवण माणशी साडेचारशेच्या खाली नाही, म्हणजे १८,०००. एकूण ५८,३२०.

केरी-पालयेचा होमस्टे : खोल्यांचे १७,६००. न्याहारी धरूनच. घरमालकीण माशाचं ताट २५० रुपयांत देते, त्याचे १०,०००. एकूण २७,६००.

रेडी-शिरोडा : खोल्या १४,४००, जेवणखाण १०,२००. एकूण २४,६००.

डिचोली : खोल्या करासह १३,४४०. बाजारात १८० रुपयांत पोटभर राइस प्लेट मिळते आणि सकाळी पातळ भाजी-पाव. जेवणखाणाचे ८,८००. एकूण २२,२४०.

पाचवा पर्याय जाऊबाईंनी सुचवला : फोंड्याच्या बाजूच्या एखाद्या देवस्थानची अग्रशाळा. मंगेशी, कवळे अशा देवस्थानांकडे भक्तांसाठी खोल्या असतात, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. मला सांगितलेला दर खोलीला ८०० रुपये. सगळं मिळून १३,६००. सर्वांत स्वस्त, स्वच्छ आणि बायामाणसांना निर्धास्त. पण तिथून पालये म्हणजे गोव्याचं दुसरं टोक. सासूबाईंना एका दिवसात तेवढा प्रवास झेपला नसता. शिवाय महाजनांना आणि जत्रेच्या वेळी आलेल्यांना पहिला मान, तो असायलाच हवा.

सहावा रकाना

वही घेऊन मी भावोजींना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मांद्रेच कर. पैशाचं मी बघतो. कुणी काही द्यायचं नाही.” मनाचा मोठेपणाच तो. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, त्यांना कमोड लागतो, पायऱ्या चढवत नाहीत. चांगल्या हॉटेलचा आग्रह केवळ थाटासाठी नव्हता.

दुसऱ्या दिवशी खानापूरहून धाकट्या दिरांचा फोन आला. “वहिनी, तुम्ही सगळे जाऊन या. आमचं जमेलसं दिसत नाही. मुलांच्या परीक्षा आहेत.”

आमची मुलगी त्यांच्या मुलापेक्षा एकच इयत्ता पुढे. बोर्ड तेच. त्या आठवड्यात कसल्याही परीक्षा नव्हत्या. मी काही बोलले नाही. फोन ठेवला आणि वहीकडे बघत बसले. ५८,३२० चे तीन वाटे केले तर एका घराला १९,४४० येतात. खानापुरात झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या माणसाची ती जवळजवळ महिन्याची कमाई. आणि थोरल्या भावानं भरले तर? तर बायकोमुलांसमोर दोन दिवस भावाच्या पैशानं जेवायचं. आईच्या माहेरी, भावाचा पाहुणा म्हणून. त्यांनी परीक्षेचं कारण काढलं, यात मला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं ते हे, की पाच रकाने आखून बसलेल्या मला हा सहावा रकाना सुचला नव्हता. कुणाला किती झेपतं आणि कुणाला काय लागतं, याचा.

त्या रात्री ह्यांच्याशी बोलले. मग भावोजींना पुन्हा फोन केला. परीक्षेचं खरं कारण मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “भावोजी, आईंना समुद्राची हौस नाही. त्यांना देऊळ आणि गाव बघायचं आहे. एक रात्र डिचोलीला राहू, एक पालयेजवळ. तुमच्यासाठी दोन्हीकडे तळमजल्याची, कमोडची खोली मी आधी विचारून घेते. आणि खर्चाचे तीन सारखे वाटे करू, म्हणजे कुणाला संकोच नको. फक्त नाताळ नको, नोव्हेंबरातला मधला आठवडा धरू.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “रजा टाकतो.” बस्स. भावाच्या परीक्षेचं त्यांनाही कळलं असावं असा मला आजही संशय आहे. खानापूरला कळवलं तेव्हा धाकट्या दिरांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, “परीक्षा पुढे गेल्या, वहिनी.”

डिचोलीची रात्र

मंगळवारी पहाटे निघालो. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरलो आणि साखळीजवळ हरवळ्याला पहिला थांबा घेतला. कातळात कोरलेल्या गुंफा, जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि नोव्हेंबरातही पाणी धरून असलेला धबधबा. मुलं पाण्याकडे पळाली, सासूबाई पायरीवर बसून राहिल्या.

लॉज जसं सांगितलं होतं तसंच निघालं. ना जास्त, ना कमी. चादरी स्वच्छ, भिंतींना ओल, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. बसस्थानक जवळ असल्यानं पहाटे कदंबच्या गाड्यांचे आवाज. तळमजल्याची खोली भावोजींना मिळाली, पण कमोडची साखळी तुटलेली. मालकानं दहा मिनिटांत माणूस पाठवला. १,६०० रुपयांत याहून जास्त मागणं बरं नव्हे.

संध्याकाळी नार्व्याला गेलो. मूळ सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला आणलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. गोवा सरकारनं त्याचं नूतनीकरण करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भक्तांसाठी खुलं केलं. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. दीपमाळेजवळ गार वारा होता. सासूबाईंनी अभिषेकाची पावती तिन्ही मुलांच्या नावानं फाडली. पैसे स्वतःच्या बटव्यातून दिले आणि ते आमच्या हिशेबात धरू दिले नाहीत.

मांद्र्याला उतरलो असतो तर याच दर्शनासाठी दीड-दोन तास जायला आणि तेवढेच यायला लागले असते. वहीत वेळेचा रकाना नव्हता, तोही असायला हवा होता.

पालयेची रात्र

बुधवारी मयेचं तळं बघून पेडण्याला आलो. भगवतीच्या देवळासमोरचे ते दोन दगडी हत्ती बघून सासूबाईंचा चेहराच बदलला. कोजागिरीची पेडण्याची पुनव, तिला जमणारी माणसं, वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली ती गर्दी... गाडीत त्या सांगत होत्या आणि बोलता बोलता बेळगावची मराठी सुटून पेडण्याची बोली जिभेवर आली. साठ वर्षं आम्ही ऐकली नव्हती ती.

होमस्टे म्हणजे एका घराच्या मागे बांधलेल्या चार खोल्या. समोर अंगण, तुळशी वृंदावन, बाजूला माड. समुद्र दिसत नाही, पण रात्री ऐकू येतो. पर्यटन खात्याची नोंदणी केल्याचा कागद ओसरीवर लावलेला. गोव्यात १९८२ च्या कायद्यानुसार पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती नोंदणी लागते. आपणही ती विचारून घ्यावी, म्हणजे उद्या काही तक्रार झालीच तर दाद मागता येते.

घरमालकीण पन्नाशीची. सासूबाईंना खुर्ची देत तिनं विचारलं, “आजी, तुमी खंयच्या?”

“हांगाचीच. पालयेची.” सासूबाईंनी वाड्याचं आणि वडिलांचं नाव सांगितलं.

ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, “मगे तुमी गावची चेडू गो!” आणि आत जाऊन पाण्याबरोबर गुळाचा खडा घेऊन आली.

संध्याकाळी ते बंद घर बघून आलो. कौलं एका बाजूनं खचलेली, दारात रान वाढलेलं. सासूबाई गाडीतून उतरल्या, विहिरीपर्यंत गेल्या, आत डोकावल्या. “पाणी आसा,” एवढंच म्हणाल्या. तिन्ही मुलगे त्यांच्या मागे उभे होते. धाकट्यानं आईचा हात धरला होता आणि थोरला मोबाइलवर फोटो काढायचं विसरून नुसता बघत होता.

रात्री केळीच्या पानावर बांगड्याचं हुमण, तिसऱ्या, तांबडी भाजी, सोलकढी. मुलांसाठी बिनतिखटाची डाळ वेगळी. जेवणं झाल्यावर मी हिशेब विचारला, तर ती बाई म्हणाली, “नऊ ताटांचे द्या. दहावे चेडवाचे. ताचे पैशे खंय घेतत?” मी संकोचले. मला वाटलं, आपण बाजारभावानं खोली घेतली, आता हे कसं घ्यायचं? सासूबाईंनी तो गुंता सोडवला. म्हणाल्या, “जेवणाचे घेव नको, चेडू म्हणान जेवलंय. पण खोलीचे पुरे घे गो. तो तुजो धंदो.”

सकाळी निघताना तिनं सासूबाईंची खणानारळानं ओटी भरली. जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, “मांद्र्याला स्विमिंग पूल होता म्हणे.” आणि दोघीही हसलो.

फेरीबोट आणि शेवटची बेरीज

गुरुवारी केरीहून फेरीबोटीनं तेरेखोलला गेलो. खाडीच्या उत्तरेला असूनही गोव्यात मोडणारा हा किल्ला मुळात सावंतवाडीकरांचा, नंतर पोर्तुगीजांनी घेतलेला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. चालत येणाऱ्या माणसाला फेरीबोट फुकट. मुलं दोनदा जाऊन आली. मग रेडी, शिरोडा, सावंतवाडी करत आंबोलीवरून घरी.

रेडीला चहाला थांबलो तेव्हा मुद्दाम दोन ठिकाणी खोल्या आत जाऊन पाहिल्या. खरं सांगायचं तर नुसतं समुद्रावर निवांत पडायचं असेल, तर आपल्या सिंधुदुर्गाचा हा पट्टा पैशाच्या मानानं सरस वाटला. गोव्याच्या नावाचे पैसे इथे द्यावे लागत नाहीत. ज्यांना रात्री रस्त्यावर हिंडायचं आहे, नाना देशांची माणसं आणि नाना तऱ्हेचं खाणं बघायचं आहे, त्यांनी हरमल-मांद्र्यालाच उतरावं. फक्त नाताळाचे पंधरा दिवस टाळावेत. आणि ज्यांची स्वतःची गाडी नाही, त्यांनी आधी टॅक्सीचा दर विचारावा. पेडणे किंवा थिवी स्टेशनवरून किनाऱ्यापर्यंत आणि परत, एवढ्यात डिचोलीच्या एका रात्रीचे पैसे सहज जातात.

आमची शेवटची बेरीज अशी : डिचोलीच्या खोल्या करासह ६,७२०, होमस्टेच्या ८,८००. चार जेवणं आणि दोन न्याहाऱ्या मिळून ८,४५०. एकूण २३,९७०. तीन घरांना प्रत्येकी ७,९९०. धाकट्या दिरांनी गाडीतच पाकिटातून मोजून दिले, दहा रुपये वर. “सुट्टे नंतर द्या, वहिनी,” म्हणाले.

घरी आल्यावर चार दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, “केवढ्याला पडलं गो सगळं?” मी वही पुढे केली. चष्मा लावून त्यांनी एकेक रकाना वाचला. मांद्र्याच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “एवढे वाचले?” मग वही मिटली आणि म्हणाल्या, “त्यातले थोडे काढून ठेव. त्या विहिरीवर एक जाळी बसवायला हवी. पोरंबाळं जातात तिकडनं.”

वहीत आता तोही एक रकाना आहे. जाळीचा दर विचारायला पालयेच्या त्या घरमालकिणीलाच फोन करायचा आहे.